पालखेड, पानिपत की असई?

वीकएंडला कुणी ट्रेकला जातं, कुणी मॉलमध्ये, कुणी नुसतंच झोपतं. काही जण मात्र अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाया पुन्हा लढायला बसतात, तेही चहाच्या टेबलावर! या ‘युद्धवेड्यां’ची फेव्हरेट लढाई कोणती, लाडका सेनापती कोण, आणि मुळात हे वेड कशासाठी?

शनिवारची संध्याकाळ. पुण्याच्या कॅम्पातलं एक इराणी हॉटेल. टेबलावर चहाचे कप कमी आणि इतर सामान जास्त.

‘‘ही बशी म्हणजे पानिपत गाव. दिल्ली तिकडे, काउंटरच्या बाजूला. टेबलाची ही कड म्हणजे यमुना. आणि ही सॉसची बाटली म्हणजे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना.’’

‘‘मग अब्दाली कुठंय?’’

‘‘अब्दाली तुझ्या कोपराखाली. हात काढ जरा!’’

शेजारच्या टेबलावरचे काका पेपर खाली करून बघतात. हसतात. आणि थोड्या वेळाने खुर्ची सरकवून तेही ऐकायला लागतात. हे दर वेळी होतं म्हणे.

हा सहा-सात जणांचा ग्रुप. कुणी हिंजवडीत कोड लिहितं, कुणी सीए आहे, कुणी सिव्हिल इंजिनीअर, एक जण बँकेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटायचं, एवढाच नियम. ग्रुपला नाव नाही, फी नाही. एन्ट्रीला एकच प्रश्न विचारतात, ‘तुझी लढाई कोणती?’ आणि हो, एक दंडही आहे. बोलता बोलता ज्याच्या तोंडून ‘फितुरी’ हा शब्द निघेल, त्याने त्या दिवशीचं बिल द्यायचं.

हा कसला दंड, असं मी विचारलं. ‘‘कळेल,’’ एवढंच उत्तर मिळालं.

सुरुवात सगळ्यांची सारखीच

या मंडळींना हा नाद लागला कुठे, हे विचारलं तर उत्तरं ओळखीची निघतात. चौथीचं इतिहासाचं पुस्तक. दिवाळीतला मातीचा किल्ला आणि त्यावरचे मावळे. कॉलेजात असताना वाचलेली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी. ग्रुपमधले दोन ज्युनियर सरळ कबूल करतात की त्यांना किडा चावला तो २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’मुळे. २०१९चा ‘पानिपत’ बघून मात्र ते भांडत बाहेर पडले, कारण तोवर त्यांनी पुस्तकं वाचली होती!

प्रत्येकाचा आवडता काळ वेगळा. एक जण नेपोलियनचा भक्त आहे. एकाला दुसरं महायुद्ध सोडून काही दिसत नाही, रोमेलच्या रणगाड्यांबद्दल तो तासभर न थांबता बोलू शकतो. बँकवाल्याचा विषय १९७१, त्यातही ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या मिसाइल बोटींनी कराचीवर केलेला हल्ला. पण तिसऱ्या चहापर्यंत गाडी फिरून फिरून अठराव्या शतकात येते. साहजिक आहे. ही मैदानं एसटीने गाठता येतात, आणि त्या कागदपत्रांची भाषा आपलीच असते.

आणि तिथे तीन नावांवरून कायम जुंपते. पालखेड, पानिपत आणि असई.

पालखेड : जवळजवळ न झालेली लढाई

हिंजवडीकराचा हिरो एकच, पहिला बाजीराव. जन्म १८ ऑगस्ट १७००. विसावं वर्ष चालू असताना पेशवेपद. २८ एप्रिल १७४०ला नर्मदाकाठी रावेरखेडीला मृत्यू. म्हणजे चाळिशीही गाठली नाही आणि आपण तिशीत ‘करिअरचं काय’ म्हणून रडतो, हा त्याचा ठरलेला डायलॉग.

त्याची फेव्हरेट मोहीम १७२७-२८ची. निजामाने शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यातल्या वादाचं निमित्त करून दख्खनची चौथाई अडवली होती. निजाम वयाने बाजीरावाच्या बापासारखा, अनुभवी, आणि त्याच्याकडे जबरदस्त तोफखाना. समोरासमोर उभं राहिलं तर काय होणार हे उघड होतं. म्हणून बाजीराव समोर उभाच राहिला नाही!

तो जालन्याकडे गेला. तिथून वऱ्हाडात. मग खानदेशातून तापी ओलांडून गुजरातेत. मधेच बुऱ्हाणपूर लुटणार अशी हवा. निजाम आधी त्याच्यामागे धावला, मग वैतागून पुण्यावर चालून आला. पुणं धोक्यात आलं की हा पोरगा धावत येईल, असा हिशोब. पोरगा आला नाही. उलट निजामाच्याच मुलखात पुन्हा धुमाकूळ सुरू झाला. शेवटी निजाम पुणं सोडून निघाला, आणि वेग यावा म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या.

‘‘इथेच तो हरला,’’ हिंजवडीकर म्हणतो. ‘‘लढाई व्हायच्या आधीच. ज्याच्या जोरावर तो भारी होता, तीच गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने बाजूला ठेवली. बाजीरावाने फक्त ती ठेवायला लावली.’’

फेब्रुवारी १७२८च्या शेवटी वैजापूरजवळ पालखेडला निजाम कोंडला गेला. चहूबाजूंनी मराठे घोडेस्वार, आत धान्य नाही, पाणी नाही. मोठी कापाकापी झालीच नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला आणि शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला. रोमेलला अल अलामिनला हरवणाऱ्या फील्ड मार्शल माँटगोमेरीने १९६८मध्ये युद्धांचा इतिहास लिहिला, त्यात या मोहिमेचं खास कौतुक आहे. हे सांगताना हिंजवडीकराची कॉलर ताठ होते. रोमेलवाला गप्प बसतो.

पण सीए मैत्रीण त्याला सोडत नाही. ‘‘तुला बाजीराव आवडतो की जिंकणं आवडतं? त्याच्या फौजेला खायला कोण घालत होतं ते सांग.’’

प्रश्न बिनतोड आहे. घोड्यावर बसून कणीस चोळून खाणारा बाजीराव, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती खरी असो-नसो, तिच्यात मोहिमेची किल्ली आहे. बाजारबुणगे नाहीत, कुटुंबकबिला नाही, जड तोफा नाहीत. वाटेत मिळेल ते घ्यायचं आणि पुढे निघायचं. म्हणजे ते कणीस कुणाच्या तरी शेतातलं होतं. ज्या गावावरून ही फौज गेली, त्या गावाच्या त्या वर्षीच्या पिकाचं काय झालं असेल? हिंजवडीकर अलीकडे ही बाजूही सांगायला लागलाय. आधी नव्हता सांगत.

पानिपत : एका सीएचा हिशोब

आता सीएची लढाई. १४ जानेवारी १७६१.

‘‘हरलेली लढाई फेव्हरेट कशी असू शकते?’’ असं तिला हमखास विचारतात. (‘मुलींना युद्धातलं काय कळतं’ असंही एकाने विचारलं होतं. तो परत आला नाही.)

तिच्या घरात दर संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की आजोबा पानिपताचा विषय काढायचे. आणि दर वर्षी शेवट एकच. ‘होळकर थांबले असते तर... गोविंदपंतांनी पैसा पोचवला असता तर... आपल्याच माणसांनी घात केला!’ लहानपणी तिला ते पाठ होतं. सीएच्या परीक्षेनंतर सुट्टीत तिने शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ वाचायला घेतलं, आणि सवयीने हिशोब मांडायला लागली.

तारखा अशा. मार्च १७६०मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. तिथेच पैशाची इतकी चणचण होती की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकलं, तिथे धान्याचा साठा हाती लागला. आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला. दिल्ली आणि मराठे यांच्या मधोमध! दख्खनकडची वाट बंद. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून छावणी पानिपतला अडकून पडली, ती अडीच महिने.

आता हिशोब. ती पेपर नॅपकिनवर लिहून दाखवते. समजा छावणीत एक लाख माणसं. सैनिक, नोकरचाकर, बायका-मुलं, तीर्थयात्रेला म्हणून सोबत आलेले. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर रोजचे ५० टन. घोडे समजा ५० हजार, प्रत्येकी चार किलो दाणा, म्हणजे रोजचे २०० टन. बैलाच्या पाठीवर एक क्विंटल लादता येतं असं धरलं, तर रोज अडीच हजार बैल छावणीत यायला हवेत. आज आले, उद्या पुन्हा अडीच हजार. असे ७५ दिवस.

‘‘आकडे माझे अंदाजाचे आहेत. निम्मे कर हवं तर,’’ ती म्हणते. ‘‘तरी बैलांची रांग संपत नाही. आणि वाट तर बंद आहे.’’

गोविंदपंत बुंदेले दोआबात अब्दालीची रसद तोडत फिरत होते, त्यांना डिसेंबरात गाठून मारलं. ती शेवटची नाडी तुटली. जानेवारीच्या मध्यावर छावणीत उपासमार होती. १४ तारखेला मराठे बाहेर पडले ते हा वेढा फोडून निघण्यासाठी. तोफा, पायदळ आणि मधे सगळा कबिला घेऊन सरकायचं, असा बेत.

आणि तरीही दुपारपर्यंत ते भारी पडत होते! डाव्या बाजूला इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांना कापून काढलं. मधे भाऊंच्या हुजुरातीने अफगाण फळी मागे रेटली. पण काही सरदारांच्या घोडदळाने घाईने पुढे उडी घेतली आणि रचना मोडली. अब्दालीने राखीव फौज अजून वापरलीच नव्हती. ती त्याने दुपारी सोडली, सोबत उंटांवरच्या लहान तोफा. विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला.

‘‘सकाळपासून उपाशी माणूस आणि उपाशी घोडा किती वेळ लढणार?’’ तिचा प्रश्न. ‘‘होळकर का निघाले यावर वाद घालू, जरूर घालू. पण तो लढाईच्या शेवटच्या तासांचा प्रश्न झाला. पोटाचा प्रश्न अडीच महिन्यांचा होता.’’

तो नॅपकिन तिने एका संक्रांतीला आजोबांसमोर ठेवला. ते बराच वेळ आकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आपली माणसं उपाशीपोटी तेवढं लढली?’’ त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी कुणाला शिव्या घातल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र तेच पुन्हा विचारायला लागले, ‘अगं, तो बैलांचा हिशोब सांग ना!’

मला तेव्हा दंडाचा अर्थ लागायला लागला होता.

असई : समोरासमोरची दोन गावं

तिसरी लढाई आमच्या सिव्हिल इंजिनीअरची. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला असई नावाचं छोटं गाव. एका बाजूला केळणा, दुसऱ्या बाजूला जुई, पुढे दोन्ही नद्या मिळतात. त्या बेचक्यात ही लढाई झाली.

एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. त्यांच्याकडे प्रचंड घोडदळ, युरोपियन पद्धतीने तयार केलेलं दहा हजारांवर पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. दुसऱ्या बाजूला कंपनीचा ३४ वर्षांचा जनरल, आर्थर वेलस्ली. पुढे १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्याच्याकडे सगळे मिळून साडेनऊ हजारांच्या घरात. दुसरी तुकडी घेऊन कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी येणार होता. पण मराठी फौज अंदाजापेक्षा खूप जवळ आहे, हे कळल्यावर वेलस्लीने वाट न बघता चढाई ठरवली.

अडचण एकच, मधे केळणा. समोरचा उतार तोफांच्या तोंडी. वाटाडे म्हणाले, दुसरा उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ओळखलं की एवढी जवळ गावं असतील तर माणसांची ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असणारच. उतार होता!

गेल्या ऑक्टोबरात मी या ग्रुपसोबत असईला गेले होते. इंजिनीअरने आम्हाला नदीकाठी उभं केलं आणि म्हणाला, ‘‘नकाशा बाजूला ठेव. नुसतं बघ.’’ पाऊस नुकताच संपलेला, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका. नदी म्हणावी तर फार रुंद नाही. एक आजी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन पाण्यातून आरामात पलीकडे गेली. दोनशे वर्षांपूर्वीचा तो सगळा ‘स्ट्रॅटेजिक’ प्रश्न तिने आमच्यासमोर दीड मिनिटात सोडवला!

इंजिनीअरचा हिरो वेलस्ली असेल असं वाटतं ना? नाही. त्याचे हिरो आहेत शिंद्यांचे गोलंदाज, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

झालं असं की, बाजूने आलेल्या शत्रूला तोंड देण्यासाठी या पायदळाने आणि तोफखान्याने अख्खी फळी वळवली. कवायत न शिकलेल्या फौजेला हे जमत नाही. त्यांच्या तोफांनी वेलस्लीची ७४वी हायलँडर रेजिमेंट जवळजवळ संपवली. इंग्रज पायदळ तोफांपर्यंत पोचलं तरी गोलंदाज जागचे हलले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर त्याच तोफा डागल्या. वेलस्लीच्या हाताखालचा एक घोडा गोळीने गेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी तो जिंकला, ९८ तोफा मिळाल्या. पण त्याचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून जवळपास सोळाशे माणसं कामी आली. पुढे वॉटर्लू झाल्यावरही, आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, असई.

‘‘आणि दौलतराव, रघूजी?’’ मी विचारलं.

‘‘ते आधीच निघून गेले होते.’’

आता माझी जीभ घसरली. मी म्हटलं, ‘‘शिवाय शिंद्यांचे युरोपियन अधिकारी आधीच कंपनीला मिळाले होते ना? म्हणजे शेवटी फितुरीच...’’

सगळे एकदम ओरडले, ‘‘बिल!’’

शॉर्टकट नको, बॉस

हसणं थांबल्यावर इंजिनीअरने नीट समजावलं. अधिकारी गेले, हे खरंच. युद्धाआधी कंपनीने त्यांना चांगल्या अटी देऊ केल्या आणि बरेच जण सोडून गेले. पण ते पगारी नोकर होते. जास्त खात्रीचा पगार दिसला, नोकरी बदलली. (आपल्यापैकी किती जणांनी हे केलं नाही?) विचारायचा प्रश्न असा, की इतकी उत्तम पलटण उभी करताना तिला चालवणारे आपले अधिकारी का तयार केले नाहीत? आणि ‘आपले’ म्हणजे तरी कोण? त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूलाही मराठे आणि म्हैसूरचे घोडेस्वार होते, मद्रासचे शिपाई होते. दुसऱ्या बाजीरावाने १८०२च्या अखेरीस वसईचा तह करून कंपनीचा हात आधीच धरला होता.

हाच त्या दंडाचा अर्थ. फितुरी कधी झालीच नाही असं कुणी म्हणत नाही. पण हा शब्द एकदा उच्चारला की गप्पा संपतात. दोष द्यायला माणूस मिळतो आणि धान्याचं, पाण्याचं, पैशाचं, नकाशाचं काय झालं हे विचारायचं राहून जातं. हीरोचंही तसंच. ‘बाजीराव ग्रेट होता’ म्हटलं की छान वाटतं, पण तो जिंकला कसा हे काही त्यातून कळत नाही.

या मंडळींची आवडती लढाई बदलत नाही. आवडण्याचं कारण मात्र बदलतं. हिंजवडीकर तलवारीवरून सुरू झाला, आता पाणवठ्यांचे नकाशे जमवतो. सीए रडारडीपासून सुरू झाली, आता बैल मोजते. ती आणखी एक गोष्ट नेहमी सांगते. पानिपतानंतर दहा वर्षांत, १७७१मध्ये मराठे परत दिल्लीत होते. त्यांच्यात पानिपतावर पायाला जखम होऊन कायमचे लंगडत चालणारे महादजी शिंदे होते. आपण पराभवाची म्हण केली, ‘पानिपत झालं’ म्हणतो. या परत येण्याची म्हण कुणी केली नाही.

असईहून परतताना जालन्यात जेवायला थांबलो. सात थाळ्या, वर दोन जास्तीचे पिठलं-भाकरी. बिल मी भरलं. सीएने बिल तपासून सांगितलं, माणशी हिशोब बरोबर आहे.

तुम्हालाही निघायचंय?

उंबरखिंड : २ फेब्रुवारी १६६१ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला इथे कोंडीत गाठलं. खोपोलीपासून जवळ, मुंबई-पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. स्मारक आहे. खिंडीत उभं राहून दोन्ही बाजूंची जंगलं बघा, लढाई आपोआप कळते.

पालखेड : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यातलं. नाशिक जिल्ह्यातल्या धरणाच्या पालखेडला जाऊन हिरमुसले होऊन परतणारे दर वर्षी भेटतात!

असई : समृद्धी महामार्गाने जालना गाठा, पुढे भोकरदनचा रस्ता. पावसाळा संपता संपता गेलात तर नद्या २३ सप्टेंबरच्या जवळपास दिसतात.

कॅव्हलरी टँक म्युझियम, अहिल्यानगर : १९९४पासून सुरू. सेंच्युरियन, विजयंता, जिंकून आणलेला पॅटन असे रणगाडे हाताच्या अंतरावर. रोमेलवाल्यांसाठी मस्ट.

वाचायला : शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ आणि ‘भाऊसाहेबांची बखर’. विश्वास पाटलांची कादंबरीही जरूर वाचा, फक्त ती कादंबरी आहे हे लक्षात ठेवून. आणि सोबत पेन, पेपर नॅपकिन न्यायला विसरू नका!